कॉफीनंतरचा शब्द

इस्रायलमधल्या रमला गावात मेनाशेला मेनाशे म्हणणारं फारसं कोणी नव्हतंच. बायको, बँक आणि सरकार, संपलं. उरलेल्या गावाचा तो अबू तरीस. तरीस म्हणजे खिडकीवरची गुंडाळती झडप. पट्टा ओढला की खडखडत वर जाते, सोडला की धाडकन खाली येते आणि बिघडली की मेनाशेच्या पोटापाण्याची सोय होते. अबू म्हणजे बाप. अरबांत माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचा बाप, तमक्याचा बाप. मेनाशे जातीचा ज्यू, त्यात एकुलती एक मुलगी. "मुलगा नसला म्हणून काय झालं, गावभर झडपा आहेत की तुझ्या," असं म्हणून वजीहने त्याला झडपांचा बाप करून टाकलं. बारसं झालं ते झालंच. पुढे पुढे ज्यू गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर विचारायची, "अबू तरीस आहेत का?" आणि मेनाशे निमूटपणे सांगायचा, "बोलतोय."

वजीह त्याचा भागीदार. दोघांची मिळून एक पांढरी व्हॅन, तिच्या एका अंगावर हिब्रूत आणि दुसऱ्या अंगावर अरबीत लिहिलेलं, 'झडपा, पट्टे, दुरुस्ती', आणि टपावर शिडी. ऐन तारुण्यात दोघं एका झडपांच्या कारखान्यात एकाच यंत्रावर होते. कारखाना बुडाला, मालक पळाला, मागे उरलेली पट्ट्यांची बंडलं दोघांनी खांद्यावर टाकून आणली आणि धंदा सुरू झाला. हे काम एकट्याचं नव्हे. एकाने आत स्टुलावर उभं राहून खिडकीवरच्या पेटीतला, झडप गुंडाळणारा रूळ धरायचा, दुसऱ्याने बाहेर शिडीवरून पात्या सरळ करायच्या, मधे भिंत. एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज. "वर!" "थांब!" "सोड!" एवढ्या शब्दांवर दोघांचा संसार चालला होता आणि पुष्कळ नवराबायकोंपेक्षा बरा चालला होता.

राजकारणाला व्हॅनमध्ये जागा नव्हती. रेडिओवर बातम्यांआधीचं ते टूक टूक सुरू झालं की ज्याचा हात मोकळा असेल त्याने बटण बंद करायचं, असा नियम. पण चेष्टेला बंदी नव्हती, आणि त्या गावात चेष्टा तरी कुठे साधी असते? जुन्या वस्तीतल्या एखाद्या कमानीच्या दगडी घरासमोर व्हॅन थांबली की वजीह मान वर करून म्हणे, "हे आमच्या आजोबांचं."

"मग दुरुस्ती फुकट कर."

"अठ्ठेचाळीस साली हाकललं नसतं ना, तर आज मी वर गच्चीत हुक्का ओढत बसलो असतो आणि तू खाली शिडी धरून उभा."

"आणि आमच्या बापाला बगदाद सोडायला लावलं नसतं, तर मी नदीकाठी मासा भाजत बसलो असतो. जा, ते घर तुला. अदलाबदल."

"चावी आण."

"आजीने विहिरीत टाकली."

दोघंही हसायचे. आणि हसून झाल्यावर टपावरची शिडी उतरवायला लागायचे. मेनाशेचा जन्म गावाबाहेर निर्वासितांच्या तंबूत झालेला, भर थंडीत, चिखलात. त्याची आई सांगायची, "पोराने बाहेर डोकावून पाहिलं आणि परत आत जायला निघालं." वजीह जन्मला तो जुन्या मोहल्ल्यात, हाकलाहाकलीतून मागे राहिलेल्या मूठभर अरबांच्यात. एकाच्या आईला गाव मिळालं नव्हतं आणि दुसऱ्याच्या आईला गाव असून शेजार उरला नव्हता. याचा हिशेब दोघांनी कधी मांडला नाही. मांडला असता तर झडपा कोणी बसवल्या असत्या?

आता कॉफीबद्दल. पहिल्या कामाआधी वजीह थर्मास उघडायचा. वेलची घातलेली दाट काळी कॉफी, इवलेसे पेले. अरबांत कॉफी पिऊन झाली की पेला परत देताना पाहुणा म्हणतो, "दायमे." म्हणजे कायम असो, तुमच्याकडे हे असंच चालत राहो. मेनाशेचं अरबी आईकडून आलेलं, बगदादी ज्यूंचं. तो बोलायला लागला की रमल्यातल्या अरबांना हसू आवरायचं नाही. त्याच्या आईच्या अरबीत कॉफीनंतर असं काही म्हणत नसत, म्हणून हा शब्द वजीहने त्याला शिकवला. शिकवला तो असा भिनला की पेला पुढे झाला की शब्द बाहेर. सर्दीने घसा बसलेला असो, आदल्या दिवशी रुळावरून कडाक्याचं भांडण झालेलं असो, "दायमे." सकाळी देवाचं नाव घ्यावं तसं. देवाचं नाव मात्र तो घेत नसे.

एकच जागा अशी, जिथे तो शब्द तोंडातून काढायचा नाही. मयताचं घर. तिथली कॉफी कडू, साखरेचा कणही नाही, आणि प्याल्यावर म्हणायचं, "अल्ला रहम करो." आपल्याकडे दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तसंच. शेंबड्या पोरालाही कळतं. मेनाशेलाही कळत होतं. वजीहचे वडील गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा तो मोहल्ल्यात जाऊन बसला होता, कडू कॉफी प्याला होता, आणि बरोबर तेच बोलला होता.

मग ऑक्टोबरातला तो शनिवार आला. मेनाशेच्या बहिणीचा, व्हायोलेतचा, नातू योताम गाझाच्या सरहद्दीजवळच्या एका वस्तीत शेताच्या पाण्याचे पाइप बघायचा. त्या सकाळी सरहद्द फोडून आलेल्या हत्यारबंद माणसांनी ज्यांना मारलं त्यांच्यात तो होता. ओळख पटवायला कोणी जायचं? योतामचा बाप जागेवरून उठेना. शेवटी मेनाशेचा जावई गेला, गादी त्याचं नाव. परत आला तेव्हा त्याने हातपाय धुतले, आणखी एकदा धुतले, आणि त्यानंतर त्या दिवसाबद्दल तो कोणाशी काही बोलला नाही. गादी सैन्याच्या राखीव दलातला, तोफखान्याचा. त्याच आठवड्यात त्याला बोलावणं आलं.

व्हायोलेतच्या घरी सुतकाचे सात दिवस बसले. एका दुपारी वजीह आला. इस्त्रीचा शर्ट, हातात खोका. ज्यूंच्या सुतकात घरात चूल पेटत नाही, लोक खायला घेऊन येतात, आणि ते धर्माला चालणारंच हवं, हे सगळं त्याला माहीत. म्हणून त्याने ज्यूंच्याच दुकानातून, शिक्क्याचा, न उघडलेला खोका आणला होता. दारात नमस्कार-चमत्कार करायचे नाहीत, निघताना काय म्हणायचं, सगळं पाठ. फाटकाशी गादी उभा होता, काही तासांच्या रजेवर, खांद्याला बंदूक. गादीच्या लग्नात याच वजीहने खांद्यावर घेऊन त्याला नाचवलं होतं.

"आज नको, वजीह."

"उद्या येऊ?"

"आज नको म्हणालो ना."

वजीहने खोका फाटकाशेजारच्या कठड्यावर ठेवला. पाठ केलेली वाक्यं तशीच घेऊन तो परत गेला. खोक्याला कोणी हात लावला नाही. मुंग्यांनी मात्र जातधर्म पाहिला नाही.

मेनाशे आत खिडकीशी बसला होता. झडप खाली होती. त्याने हे सगळं पात्यांच्या फटीतून पाहिलं. उठायला त्याला कोणी मनाई केली नव्हती. गुडघे दुखतात म्हणावं, तर शिडी चढताना कुठे दुखत होते? व्हायोलेतचा हात त्याच्या हातात होता, हे खरं. पण आणखीही एक खरं होतं आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. त्या दुपारी, घटकाभर, त्यालाही कुठल्याच अरबाचं तोंड पाहायचं नव्हतं. वजीहचंसुद्धा.

सुतक संपलं, मेनाशे कामावर आला. वजीहने थर्मास उघडला. मेनाशे प्याला. "दायमे." फाटकाचा विषय त्यानेही काढला नाही, यानेही नाही. दोघांना वाटलं, मिटलं.

लढाई सुरू झाल्यावर त्यांच्या धंद्याला बरकत आली. हा देवाचा विनोद. रॉकेटचे भोंगे वाजत, लोक घरातल्या सुरक्षित खोलीत पळत, तिथे पोचल्यावर कळे की खिडकीची झडप वर्षानुवर्षं अडकलेली आहे. फोन थांबेनात. पण फोनवरची भाषा बदलली होती. "अबू तरीस, या, पण एकटेच या हं. मुलं घाबरतात." आणि मोहल्ल्यातून वजीहला, "तू ये रे, पण त्याला नको आणू. त्याच्या जावयाचं सगळ्यांना ठाऊक आहे." एकट्याने झडप बसत नाही हे दोघांनी दोन्हीकडे सांगून पाहिलं. शेवटी ज्यूंच्या घरी मेनाशे आत जायचा आणि वजीह बाहेर शिडीवर. अरबांच्या घरी वजीह आत आणि मेनाशे शिडीवर. "वर!" "थांब!" "सोड!" मधे भिंत होतीच.

वजीहची बहीण नदीरा गाझात दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हा रस्ते उघडे होते. रमल्याहून निघालं की दुपारच्या जेवणाला गाझात. मेनाशे त्या लग्नाला गेला होता, मासे खाऊन आजारी पडून परत आला होता. मग रस्ते बंद झाले आणि नदीरा फोनातली बहीण झाली. लढाईत फोनही बंद पडले. वजीह शिडीवर चढण्याआधी फोन बघायचा, उतरल्यावर बघायचा. मेनाशे विचारायचा, "काही?" वजीह मान हलवायचा. एका सकाळी त्याने मानही हलवली नाही. फोन मेनाशेसमोर धरला. कोणा शेजाऱ्याचा निरोप होता. नदीराचं घर तोफगोळ्यांनी पडलं होतं, तीही गेली होती, आणि घरातले सगळे. पुरायला कोणी बोलावलं नव्हतं. कुठे पुरलं, पुरलं की नाही, ते निरोपात नव्हतं.

त्या दिवशी पहिल्यांदा थर्मास उघडला नाही. मेनाशेने त्याला मोहल्ल्याच्या तोंडाशी सोडलं. काय बोलावं? म्हणाला, "मासे वाईट नव्हते रे त्या लग्नात. मीच जास्त खाल्ले होते." वजीहने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरला.

शुक्रवारी रात्री मेनाशेच्या घरी सगळे जेवायला. बायकोने, फ्लोराने, भेंडीच्या रश्शात कुब्बे, म्हणजे खिमा भरलेले रव्याचे गोळे, केले होते. गादी रजेवर आलेला, दाढी वाढलेली. मुलगी ओरित त्याच्या ताटात वाढायची थांबत नव्हती. मेनाशे सहज म्हणाला, सहज म्हणजे दिवसभर घोकून, "रविवारी वजीहकडे जाऊन येईन म्हणतो. बसायला."

ओरितचा चमचा थांबला. "योतामच्या वेळी त्यांच्यातलं कोण आलं होतं बाबा?"

"वजीह आला होता."

"फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंतच येऊ दिलं त्याला," मेनाशे म्हणाला.

गादीने घास गिळला. "मी थांबवलं. पुन्हा थांबवीन. त्या दिवशी व्हायोलेतआत्यांना अरबीतला एक शब्द जरी ऐकू आला असता ना..."

"व्हायोलेत स्वतः अरबीतच रडत होती," फ्लोरा म्हणाली. "आपल्या आईला हाका मारत. तुम्हाला कळत नाही म्हणून."

"आई, मी आनंदाने जात नाही तिकडे. योतामचं तोंड मी पाहिलंय. तुम्ही कोणी नाही पाहिलं. मी. ते लोक घराखाली भुयारं खणतात, पोरांच्या आड लपतात, आणि मग जग आम्हाला विचारतं. नाही लढलो तर पुन्हा येतील. येऊ म्हणालेत."

"नदीराच्या घराखाली भुयार होतं?" मेनाशेने विचारलं.

"मला काय माहीत कोणाचं घर कुठे होतं!" गादीचा आवाज चढला. "आम्हाला नकाशावरचे आकडे देतात बाबा, घरं नाही देत!"

आपणच काय बोललो ते त्याला नंतर ऐकू आलं असावं. ओरितने रस्सा वाढला, नको असताना.

"जा तू," शेवटी फ्लोरा नवऱ्याला म्हणाली, "पण तिथे तोंड कमी उघड. तुझं तोंड झडपेसारखं आहे, पट्टा सुटला की सुटला."

फ्लोराचं म्हणणं त्याने नेहमीप्रमाणे ऐकलं आणि नेहमीप्रमाणे विसरला.

वजीहचा थोरला भाऊ हाज फख्री, हाज म्हणजे मक्केची यात्रा केलेला. घर त्याचं, तिथेच बसायचं ठरलं होतं. खरं तर मंडप घालायचा, रस्त्यावर खुर्च्या मांडायच्या, ही रीत. पण हाज फख्री म्हणाला, "मंडप नको. उगाच पोलीस येतील, कशाचा शोक विचारतील." वजीहचा मुलगा जवाद औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, त्याने आत्याचा फोटो फोनवर लावला तर मालकाने बोलावून काढायला लावला. "आत्या मेली, तिचा फोटोसुद्धा गुन्हा," असं म्हणत त्याने तो काढला, आणि तेव्हापासून तो घरात कोणाशी धड बोलत नव्हता. दिवाणखान्यात भिंतीला लागून खुर्च्या, त्यावर मोहल्ल्यातले पुरुष. झडपा अर्ध्या खाली. त्या झडपाही याच दोघांनी बसवलेल्या.

मेनाशे आत आला तेव्हा बोलणं थांबलं. पण हाज फख्री उठला, त्याने दोन्ही हातांनी मेनाशेचा हात धरला आणि त्याला वजीहशेजारच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. फाटकावर कोणी थांबवलं नाही. हे मेनाशेच्या लक्षात आलं, आणि वजीहच्याही लक्षात आलं असणार.

बोलणं पुन्हा सुरू झालं, आधी चाललं होतं तेच. एक म्हातारा म्हणत होता, "त्या शनिवारी आपल्या लोकांनी केलं ते पाप होतं. देव लहान मुलांचं विसरत नाही, कोणाच्याच."

जवाद कॉफीचं भांडं घेऊन फिरत होता. तिथूनच म्हणाला, "त्यांचा शनिवार एक. आमचे शनिवार मोजायला बसलो तर आजोबांपासून सुरुवात करावी लागेल."

"मोजून नदीरा परत येणार आहे का?" म्हातारा म्हणाला. "आपले पुढारी तळघरात, त्यांचे पुढारी खुर्चीत. मधे कोण सापडलं?"

"आज पुढाऱ्यांचं नाव नको चाचा. आज आत्याचा दिवस आहे."

हाज फख्री म्हणाला, "पुरे. पाहुणे आहेत." पाहुणा एकच होता.

जवादने मेनाशेसमोर पेला धरला. लहानपणापासून तो मेनाशेला अम्मो म्हणायचा, सख्ख्या काकाला म्हणावं तसं. व्हॅनच्या मागच्या सीटवर पट्ट्यांच्या बंडलांत झोपून मोठा झालेला मुलगा. "घ्या अम्मो," तो म्हणाला. मेनाशेने पेला घेतला. शेजारी वजीह, हातात पेला, वेलचीचा वास, वजीहचा खांदा त्याच्या खांद्याला लागलेला, अगदी व्हॅनमधल्यासारखा. मेनाशे मनात नदीराचं लग्न आठवत होता. कॉफी कडू लागली तेही त्याला उशिरा कळलं. त्याने एका घोटात संपवली, पेला पुढे केला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"दायमे."

असंच चालत राहो. नदीराच्या सुतकात, त्या खोलीत, त्या महिन्यात, त्या तोफखान्यातल्या माणसाच्या सासऱ्याच्या तोंडून.

मेनाशेला स्वतःचा शब्द ऐकू आला. त्याचा चेहरा पडला. तो घाईघाईने बोलायला लागला, "अल्ला रहम करो, मला म्हणायचं होतं, देव तिला... माझी जीभ, रोजची सवय, मी कसा म्हणेन..." घाबरला की त्याचं अरबी आणखी बगदादी व्हायचं. एरवी अशा वेळी हीच माणसं पोट धरून हसली असती.

"जीभ आहे, घसरते," हाज फख्री म्हणाला. "बसा. बसा तुम्ही."

"घसरली नाही, हाज," जवाद म्हणाला. "पंचाहत्तर वर्षं हे लोक हेच म्हणतायत. हे असंच कायम असो. आज तोंडाने म्हणाले, इतकंच." मग त्याने मेनाशेच्या हातातून पेला काढून घेतला. "द्या साहेब."

अम्मोचा साहेब झाला.

मेनाशेने वजीहकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. 'अरे, हा रोज सकाळी म्हणतो, मीच शिकवलाय त्याला.' एवढं वजीहने म्हटलं असतं तर म्हाताऱ्यांनी मान डोलावली असती, कोणीतरी हसलंही असतं, आणि गोष्ट तिथेच जिरली असती. खोलीत ते वाक्य फक्त एकाच माणसाकडे होतं. तो माणूस आपल्या पेल्याच्या तळाकडे पाहत बसला.

मेनाशे उठला. गुडघे दुखले.

त्यानंतर वजीह कामावर आला नाही. दुखवट्याचे दिवस असतील म्हणून मेनाशेने वाट पाहिली. मग नुसतीच वाट पाहिली. एकट्याने काही कामं घेऊन पाहिली. आत रूळ धरला की बाहेर पाती तिरकी होई. बाहेर जाऊन पाती सरळ करावी तर आत रूळ सुटे. एका गिऱ्हाईक बाईने खालून विचारलं, "वर कोणाशी बोलताय अबू तरीस?" तो सवयीने "थांब!" म्हणाला होता, भिंतीला.

थंडी सरता सरता वजीह आला. सकाळची वेळ. व्हॅन अंगणात उभी होती, तिच्या मागच्या दारातून तो आपली अवजारं काढत होता. ड्रिल, पोपटपाना, बापाच्या वेळची लाकडी हातोडी. थर्मास सगळ्यात शेवटी. मेनाशे सपाता घालून बाहेर आला.

"जवाद म्हणतो, त्या गाडीत बसलास तर मी या घरात राहणार नाही," वजीह पाठमोराच म्हणाला. "एकच मुलगा आहे मला."

"तुमच्याकडे बसून आलो तेव्हापासून ओरित नातवंडांना आणत नाही," मेनाशे म्हणाला. "गादीच्या तुकडीला परत बोलावलंय."

"म्हणजे आपल्या दोघांची पोरं एकाच गोष्टीवर एकमत आहेत. बघ, शांतता अशी येते."

मेनाशेला हसू आलं आणि तेवढ्यानेच त्याला आशा वाटली. "आत ये. मी कॉफी करतो."

"तू?"

"शिकेन."

स्वयंपाकघरात मेनाशेने कॉफी केली, म्हणजे उतू घातली आणि उरलेली ओतली. वेलची जास्त, पाणी कमी. दोघं टेबलाशी बसले. वजीहने पेला हातात धरला, प्याला नाही.

"तुझी जीभ घसरली, हे मला त्याच क्षणी कळलं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस? एक शब्द, वजीह! एक!"

"तू खिडकीशी होतास तेव्हा तू का नाही बोललास?"

मेनाशेने हातातला चमचा खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? व्हायोलेतच्या घरची ती झडप कोणी बसवली? बाहेर शिडीवर मीच होतो ना? वरची पाती पुरती मिटत नव्हती, मी म्हणालो, बदलू. तू म्हणालास, असू दे, एवढ्या फटीतून कोण बघतंय." वजीह हळू बोलत होता, रागाने नाही. "मी फाटकाशी उभा होतो. फटीतून तुझे डोळे दिसत होते. मी वाट पाहिली, मेनाशे. गादी 'नको' म्हणाला तरी मी खोका ठेवायला वेळ लावला. म्हटलं, आता पट्टा ओढेल."

मेनाशेने चमचा उचलून कॉफी उगाच ढवळली. बोलण्यासारखं जे होतं ते त्याने फ्लोरालाही सांगितलं नव्हतं.

"आमच्याकडे सगळे तुझ्याकडे बघत होते तेव्हा मीही ठरवून गप्प बसलो असं नाही," वजीह म्हणाला. "तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. जवादचं खरं वाटत होतं तेव्हा. तुझंही खरं होतं. दोन्ही एकदम खरं असलं की माणूस मुका होतो."

"गादी त्या आठवड्यात कुठे होता, मी त्याला विचारलेलं नाही," मेनाशे घाईने म्हणाला. "त्याचं त्यालाही..."

"नको. सांगू नकोस. कळलं तर मला काहीतरी करावं लागेल."

तो एक घोट प्याला. तोंड वाकडं केलं. आणखी एक. मग पेला खाली ठेवला. निम्मी कॉफी तशीच होती. अरबाने पेल्यात कॉफी सोडली तर यजमानाने घाबरावं. काहीतरी अडलंय, असा त्याचा अर्थ. मेनाशे पेल्याकडे बघत राहिला.

"इतकी वाईट झालीय?"

"वाईट झालीच आहे. पण त्यासाठी नाही." वजीहने थर्मास काखेत धरला. "पूर्ण प्यालो तर काहीतरी म्हणावं लागेल ना मला. काय म्हणू? 'दायमे' म्हणू? हे असं कायम राहो? आणि दुसरं म्हटलं तर ते मेल्यावर म्हणतात. तेवढं अजून माझ्याच्याने होत नाही."

तो अंगणातून गेला. फाटकाशी थांबला नाही. 'येतो' म्हणाला नाही. त्यांच्याकडे तसं म्हणतात की नाही, मेनाशेला तेव्हा आठवेना.

तो खिडकीशी गेला. झडप खाली होती. त्याने पट्टा धरला, ओढला. झडप निम्म्यापर्यंत आली आणि तिरकी होऊन अडकली. झडपांच्या बापाच्या घरची झडप. बाहेरून कोणी पाती सरळ केल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"कोण आलं होतं?" फ्लोरा आतून आली. तिने टेबलाकडे पाहिलं, अर्धा पेला मोरीत ओतला, पेला विसळला आणि पालथा घातला.